अकरा गाणी, त्यातलं एकही आपलं नाही: एका ग्लॅम मेटल बँडच्या कव्हर अल्बमचं प्रकरण

हे प्रकरण २०२३ मधलं, लॉस एंजेलिसचं. बँडचं आणि लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं, नाव गाळलं आहे, माणसांचा उल्लेख गायक, ड्रमर असा कामावरूनच केला आहे, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. माझा संबंध एवढाच, की मी लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमधल्या एका छोट्या कचेरीत गाण्यांच्या परवानग्या काढून द्यायचं काम करते. मी मूळची ठाण्याची. केस फुगवून, डोळ्यांत काजळ घालून दणदणीत रॉक वाजवणाऱ्या या ग्लॅम मेटलवाल्यांशी माझा संबंध आला तो कागदपत्रांमुळे. पण कागदांच्या निमित्ताने मी त्यांच्या तालमींना बसले, स्टुडिओत गेले, आणि माझी स्वतःची एक चूकही या प्रकरणात आहे. ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

बँड १९८० च्या दशकाच्या मध्यात सनसेट स्ट्रिप या लॉस एंजेलिसच्या क्लबांच्या रस्त्यावर उभा राहिला. तो काळ असा, की व्हिस्की अ गो गो किंवा गझारीज अशा क्लबांत वाजवायचं तर बँडनेच आधी तिकिटं विकत घ्यायची आणि ती रस्त्यावर उभं राहून खपवायची. तिकिटं खपली नाहीत तर खिशाला चाट. दर शनिवारी रात्री फुटपाथवर हँडबिलांचा खच पडायचा. या सगळ्यातून हा बँड वर आला, एका मोठ्या लेबलने त्याला उचललं, आणि १९८८ मध्ये त्यांच्या एका गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर भरपूर वाजला. दुसरा अल्बम बरा चालला. तिसरा बाजारात येईपर्यंत १९९१ चा सप्टेंबर उलटून गेला होता, सिअ‍ॅटलहून निर्वाणा हा नव्या ढंगाचा बँड आला होता, आणि स्प्रे मारलेले केस रातोरात जुनाट ठरले. लेबलने करार संपवला.

मधली वर्षं या जमातीतल्या बहुतेक बँड्सची जशी गेली तशीच गेली: फाटाफूट, एकाच नावाने फिरणारे दोन बँड, वकील, पुन्हा मनोमीलन. २०२३ मध्ये मूळ पाचांपैकी दोघे उरले होते, गायक आणि ड्रमर. गायक ६१ वर्षांचा. बेसवाला वीस वर्षांपासून सोबत. गिटारवाला चौतिशीतला, म्हणजे ज्या गाण्यावर बँड जगत होता ते गाणं आलं तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. पाचवी जागा रिकामीच होती. कार्यक्रम मिळत होते, पण कॅसिनोत, जत्रांत आणि जुन्या बँड्सच्या एकत्र महोत्सवांत. तिथे पाऊण तास मिळतो आणि लोकांना तीनच गाणी हवी असतात.

अडचण

एका छोट्या लेबलने विचारणा केली: अल्बम काढू, पण कव्हर गाण्यांचा. म्हणजे बँडच्या पोरवयात जी गाणी त्यांच्या कानावर पडली, ती आता त्यांनी गायची. पैसे बेताचे. स्टुडिओचे नऊ दिवस, एक हजार सीडी, पाचशे व्हिनाइल, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तबकड्या.

गायकाला हा प्रस्ताव अपमानास्पद वाटला. त्याच्याकडे नव्या गाण्यांची वही होती. ड्रमरला प्रस्ताव आवडला, कारण त्याच्या मते वहीतली गाणी ऐकायला कोणी थांबणार नव्हतं. हे त्याने गायकाच्या तोंडावर सांगितलं. दोघांची ओळख चाळीस वर्षांची, त्यामुळे भांडण दोन दिवसांत मिटलं. प्रश्न मात्र तसाच राहिला. दुसऱ्याचीच गाणी गायची, तर लोकांनी मूळ रेकॉर्ड सोडून आपली का ऐकावी?

याला या संगीतात मोठा इतिहास आहे, आणि तालमीत तो वारंवार निघायचा. क्वायट रायट या लॉस एंजेलिसच्याच बँडचं उदाहरण तर प्रत्येकाच्या तोंडी. इंग्लंडच्या स्लेड या बँडचं १९७३ चं एक गाणं तिकडे पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, अमेरिकेत मात्र जेमतेम ९८ व्या. निर्मात्याने १९८३ मध्ये ते क्वायट रायटच्या गळ्यात मारलं. त्यांच्या गायकाला ते मुळीच नको होतं. ते पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला. हेवी मेटलचा अल्बम तिथे पोहोचायची ती पहिलीच वेळ मानली जाते. पुढे मॉटली क्रू, ग्रेट व्हाइट, टेस्ला, पॉयझन, सगळ्यांनी सत्तरच्या दशकातलं एकेक गाणं घेऊन रेडिओवर जागा मिळवली. ग्रेट व्हाइटने इंग्रज गायक इयन हंटरचं १९७५ चं गाणं १९८९ मध्ये पाचव्या क्रमांकावर नेलं.

ड्रमर ही यादी पाठ असल्यासारखी म्हणायचा. गायकाचं उत्तर एकच: ती सगळी एकेक गाणी होती, आख्खे अल्बम नव्हते. आणि ती माणसं तेव्हा पंचविशी-तिशीतली होती.

दोघांचंही बरोबर होतं. एक कव्हर गाणं आपल्या नऊ गाण्यांच्या मध्ये बसतं तेव्हा ते आपल्या आवाजात मिसळून जातं. अकरा कव्हर एका रांगेत ठेवली की ऐकणारा प्रत्येकाची मूळ गाण्याशी तुलना करतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नव्या गाण्यांचा. लेबलने त्याला साफ नकार दिला.

दुसरा पर्याय स्वतःचीच जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण धंद्याच्या दृष्टीने हाच सगळ्यात शहाणा मार्ग असतो. जुन्या मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी मोठ्या लेबलकडे. करारात सहसा अशी अट असते की ठरावीक वर्षं तेच गाणं दुसऱ्या कोणासाठी रेकॉर्ड करायचं नाही. ती मुदत इथे केव्हाच सरली होती. नवं ध्वनिमुद्रण बँडच्या मालकीचं झालं असतं, आणि उद्या एखाद्या चित्रपटाला किंवा जाहिरातीला ते गाणं हवं झालं तर पैसे थेट बँडला. बेसवाला याच बाजूने होता. गायक गप्प राहिला. का, ते मला नंतर कळलं.

तिसरा पर्याय एकाच बँडची गाणी घ्यायचा. ग्रेट व्हाइटने १९९८ मध्ये फक्त लेड झेपलिन घेऊन अल्बम काढला होता. त्यासाठी त्या बँडच्या गायकासारखा गळा लागतो. इथे तो प्रश्नच नव्हता.

चौथा, म्हणजे लेबलचाच पर्याय: निरनिराळ्या बँड्सची गाणी. डेफ लेपर्डने २००६ मध्ये आणि पॉयझनने २००७ मध्ये हेच केलं होतं.

पैशांचा हिशेब मी मांडून दाखवला. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं दुसऱ्या कोणालाही रेकॉर्ड करता येतं. सूचना द्यायची आणि कायद्याने ठरवलेला दर भरायचा, गीतकार-संगीतकाराला नाही म्हणता येत नाही. ही सोय १९०९ पासूनची. तेव्हा भांडण आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवरून होतं, आणि दर होता गुंडाळीला दोन सेंट. २०२३ मध्ये तो प्रत्येक प्रतीला, प्रत्येक गाण्याला १२ सेंट होता. गाणं पाच मिनिटांहून लांब असेल तर मिनिटाला २.३१ सेंट, आणि वरचे सेकंद आख्खं मिनिट धरायचे. म्हणजे अकरा छोटी गाणी असतील तर प्रतीमागे १ डॉलर ३२ सेंट, पंधराशे प्रतींचे १,९८० डॉलर. स्वतःची गाणी असती तर ही रक्कम लिहिणाऱ्यांच्या, म्हणजे बँडच्याच खिशात गेली असती. कव्हर अल्बम स्वस्तात होतो हा गैरसमज इथे थोडा उतरला.

आपल्याकडचं सांगायचं तर भारतात हे इतकं सोपं नाही. १९८० च्या दशकात कॅसेट कंपन्यांनी जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्यांचा जो पूर आणला, त्यानंतर बरीच वर्षं वाद चालला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी आलं. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं, आगाऊ सूचना द्यायची, किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरायचं, आणि वेष्टनावर हे कव्हर आहे असं छापायचं. पन्नास हजार! आमच्या या बँडने सगळं मिळून पंधराशे काढल्या. भारतात हा अल्बम निघालाच नसता.

शेवटी चौथा पर्याय ठरला. हा निर्णय विचारांती झाला असं मी म्हणणार नाही. लेबलचा पैसा चौथ्यालाच होता. बेसवाल्याने दुसऱ्या पर्यायाचा विषय नंतर दोनदा काढला, दोन्ही वेळा गायकाने चहा-कॉफीचं काय ते विचारलं.

गाण्यांची यादी

पहिल्या यादीत तीस गाणी होती. स्लेड, स्वीट, टी. रेक्स, अ‍ॅलिस कूपर, किस, एरोस्मिथ. गिटारवाल्याने ती वाचली आणि एकेका नावापुढे लिहायला सुरुवात केली: हे अमक्याने १९८४ मध्ये केलंय, हे तमक्याने २००४ मध्ये. तीसपैकी एकोणीस गाणी कुठल्या ना कुठल्या ग्लॅम मेटल बँडने आधीच गाऊन टाकली होती. काही तर दोन-दोन बँड्सनी.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण आला. ड्रमरचं म्हणणं, लोकांना ओळखीची गाणीच हवी असतात. गिटारवाल्याचं म्हणणं, ओळखीचं गाणं वेगळं आणि चावून चोथा झालेलं वेगळं. मग त्यांनी एक नियम केला: ज्या गाण्याचं दुसऱ्या ग्लॅम बँडने केलेलं रूप लोकांच्या डोक्यात बसलंय ते घ्यायचं नाही. नियम साधा, पण त्याने यादीतली सगळी सोपी गाणी उडाली.

उरलेल्या जागा भरायला त्यांनी आपापल्या लहानपणात शोध घेतला, आणि ज्या गाण्यांना काजळाचा वासही नाही अशी गाणी आली. एक सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण संगीतातलं, एक कंट्री, एक मुलींच्या गटाने गायलेलं साठच्या दशकातलं. गायकाची आई गाडीत ते शेवटचं लावायची. माझ्या मते अल्बममधली चांगली गाणी हीच. रॉक बँडने रॉकचंच कव्हर केलं की फार तर गिटारचा आवाज बदलतो. सोलचं गाणं मेटल बँडच्या हाती आलं की ते उलगडून पुन्हा विणावं लागतं.

अकरा हा आकडा मात्र कलेतून आला नाही. व्हिनाइलच्या एका बाजूला वीसेक मिनिटांपलीकडे भरलं की आवाज बारीक होत जातो. दोन बाजू, चाळीस मिनिटं, अकरा गाणी.

पट्टी

हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळं प्रकरण इथे फिरलं.

गिटारची सर्वांत जाड तार मुळात पेटीच्या भाषेत पांढरी तीनला लागते. ऐंशीच्या दशकात बऱ्याच ग्लॅम बँड्सनी सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून काळी दोनला लावल्या. आवाज जरा भारदस्त होतो आणि गायकाला तेवढीच उसंत मिळते. हा बँडही काळी दोनचा. पंचविशीत त्यांच्या गायकाचा आवाज तार सप्तकात लीलया जायचा, आणि त्यांच्या गाजलेल्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी एक लांब किंचाळी आहे, तीच त्यांची ओळख. गेली काही वर्षं मंचावर ती किंचाळी बेसवाला मारायचा. दिवे अशा रीतीने लावायचे की लोकांना गायकच दिसावा.

मला हे तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. आणि मग हेही कळलं की स्वतःची गाणी पुन्हा रेकॉर्ड करायच्या गोष्टीवर गायक का गप्प बसला होता. स्टुडिओत दिवे कामाला येत नाहीत.

कव्हर गाण्यांतही तोच प्रश्न आला, फक्त उघडपणे. पहिल्या तालमीत सगळी गाणी मूळ पट्टीत वाजवली. अकरापैकी पाच गाण्यांत गायकाचा आवाज धृपदावर फाटला. गिटारवाल्याने, तो नवा म्हणून जरा चाचरतच, सुचवलं की सगळंच आणखी अर्धा सूर खाली, पांढरी दोनला नेऊ. गायकाने नकार दिला. त्याचा प्रतिप्रस्ताव असा, की खाली गाऊन रेकॉर्ड करायचं आणि नंतर संगणकावर सूर वर चढवायचा. एका गाण्यावर करून पाहिलं. ऐकून ड्रमर इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. गायकही हसला, पण थोडा उशिराने.

पट्टी उतरवणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नाही. या मंडळींच्या गिटारींना तरंगता ब्रिज असतो, म्हणजे तारा ज्यावर अडकवतात तो हलता भाग, मागे स्प्रिंगा. तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरतात. तारा उतरवल्या की ब्रिज मागे कलतो, सगळा तोल पुन्हा बसवावा लागतो. तारा जाड घ्याव्या लागतात, नाहीतर त्या लुळ्या पडतात. एक गिटार नीट लावायला अर्धा तास सहज जातो. म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये पट्टी बदलता येत नाही; दुसरी गिटारच लागते.

शिवाय खाली नेल्याने सगळंच सुधारतं असंही नाही. धृपद सोपं होतं, पण मग कडवं इतकं खाली जातं की ते पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. आपल्याकडे आरतीच्या वेळी होतं तसं: कोणीतरी खालून उचलतं, आणि पहिलं कडवं नुसता घुमार. त्यामुळे त्यांनी प्रत्येक गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर कागदावर लिहिला. ज्या गाण्यांत हे अंतर फार होतं अशी दोन यादीतून काढून त्यांच्या जागी दुसरी घेतली; काढलेल्यांपैकी एक ड्रमरचं लाडकं होतं. सगळी अकरा पांढरी दोनला आली.

गायक तयार झाला तो वाद हरून नाही. त्या सोलच्या गाण्याने त्याला वळवलं. ते मुळातच बैठ्या आवाजातलं. खालच्या पट्टीत त्याने ते गायलं आणि खोलीत शांतता झाली, कारण चाळीस वर्षं आम्ही, म्हणजे जगाने, या माणसाची किंचाळीच ऐकली होती. त्याच्या आवाजाला खाली अशी खरखर आणि ऊब आहे हे त्याच्या ड्रमरलाही ठाऊक नव्हतं.

परवानग्या, आणि माझी चूक

यादीतलं एक गाणं सत्तरच्या दशकातल्या एका ब्रिटिश बँडचं. झकास ठेका, पण दुसऱ्या कडव्यात एका मुलीचं वय येतं: सोळा. त्या काळच्या रॉकमध्ये असं सर्रास असायचं. गायकाची नात पंधरा वर्षांची आहे. तो म्हणाला, मी ही ओळ गाणार नाही, आकडा बदलू.

ठरलेला दर भरून जी परवानगी मिळते, तिच्यात गाणं आपल्या ढंगाने बसवायची मुभा असते, पण मूळ चाल आणि गाण्याचं मूळ स्वरूप बदलायची नसते. शब्द बदलायचे तर प्रकाशकाला, म्हणजे लेखकांच्या वतीने गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला, वेगळं विचारायला हवं. मी पत्र पाठवलं. आणि बँडला सांगितलं, "एका आकड्याचा तर प्रश्न आहे, हो म्हणतील. तुम्ही रेकॉर्ड करून घ्या."

सात आठवड्यांनी उत्तर आलं: शब्दांत बदल नाही. तोपर्यंत स्टुडिओचा जवळजवळ एक आख्खा दिवस त्या गाण्यावर खर्च झाला होता, नऊपैकी एक. आता काय? ओळ आहे तशी गायची. ते कडवंच गाळायचं. किंवा गाणं सोडायचं. कडवं गाळणं चालेल का, यावर आमच्याच कचेरीत दोन मतं होती. गायकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, गाणं सोडा. ड्रमर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या जागी काढून टाकलेलं एक गाणं घाईघाईत परत आलं, आणि घाई त्यात ऐकू येते.

दुसरं प्रकरण व्हिडिओचं. गाणं रेकॉर्ड करायला नकार देता येत नाही, पण चित्राला जोडायला देता येतो. व्हिडिओसाठी वेगळी परवानगी लागते, तिचा दर कायद्याने ठरलेला नसतो, आणि गाण्यात ज्यांचा-ज्यांचा वाटा आहे त्या प्रत्येकाचा होकार लागतो. लेबलने निवडलेल्या गाण्याचे लेखक चार, प्रकाशक तीन. दोघांनी होकार दिला, तोही अशा अटीवर की तिसऱ्याला आमच्याहून जास्त द्यायचं नाही. तिसऱ्याकडे साडेबारा टक्के. त्यांची गाणी नुकतीच दुसऱ्या कंपनीला विकली गेली होती आणि सही कोणी करायची हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी सावध केलं होतं, पण लेबलने तारखा ठरवून मोकळ्या वाळवंटात चित्रीकरण उरकून घेतलं. धुराची यंत्रं, पंखे, भाड्याची गाडी. होकार चार महिन्यांनी आला, अल्बम येऊन जुना झाल्यावर. तो व्हिडिओ अजून एका हार्ड डिस्कवर पडून आहे.

बाहेर आला तो दुसराच व्हिडिओ. मुलींच्या गटाचं ते साठच्या दशकातलं गाणं, प्रकाशक एकच, होकार नऊ दिवसांत. तालमीच्या खोलीत दोन कॅमेऱ्यांनी एका दुपारी केलेला. काजळ नव्हतं, कारण कोणाकडे वेळ नव्हता.

स्टुडिओ

इथे फार सांगण्यासारखं नाही. ड्रम आणि बेस एका खोलीत, एकत्र, मेट्रोनोमच्या टिकटिकीविना; तीन दिवसांत संपलं. धृपदाचा घोष मात्र बघण्यासारखा असतो. एका माइकभोवती चौघं उभे राहतात, एकच ओळ चार वेळा गातात, आणि रेकॉर्डवर सोळा जणांचा जमाव होतो. एका गाण्यात मलाही उभं केलं. माझा आवाज कुठे आहे हे मला ऐकू येतं, बाकी कोणाला येणार नाही.

गिटारच्या सोलोंवर थोडी चर्चा झाली: मूळ सोलो हुबेहूब वाजवायचा की आपला? गिटारवाल्याने मधला रस्ता काढला. सुरुवातीच्या दोन ओळी जशाच्या तशा, पुढे स्वतःचं. लोकांना ओळख पटते आणि मग त्यांना सोडवून नेता येतं, असं तो म्हणाला. आपल्याकडच्या वाद्यवृंदात हे खपलं नसतं. तिथे रेकॉर्डप्रमाणे सोळा आणे वाजलं तरच टाळी.

निकाल

व्हिनाइलच्या पाचशे प्रती सात महिन्यांत संपल्या, बहुतेक कार्यक्रमांच्या ठिकाणी टेबलावर, सही करून. सीडींचा बराच गठ्ठा उरला. लेबलचं नुकसान झालं नाही. बँडला हाती फारसं लागलं नाही, पण महोत्सवांत त्यांची जागा दुपारी दोनवरून संध्याकाळी पाचवर सरकली. ती अल्बममुळे की त्या साध्या व्हिडिओमुळे, हे सांगणं कठीण. परीक्षणं बेताची. एकाने लिहिलं की सोलचं गाणं सोडलं तर बाकी अल्बम विसरला तरी चालेल. हे जरा क्रूर आहे, पण घाईघाईने घातलेल्या त्या गाण्याबद्दल मी वाद घालणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

उत्तर हातात येईपर्यंत शब्द बदललेलं गाणं रेकॉर्ड करू देणार नाही. हे माझ्यापुरतं. आता मी बदलाच्या परवानगीचं पत्र यादी पक्की व्हायच्या आधीच पाठवते, आणि दोन गाणी राखीव ठेवायला सांगते.

व्हिडिओचं गाणं निवडताना आधी लेखक आणि प्रकाशक मोजावेत. लेबलला हे आवडत नाही, कारण त्यांना सर्वांत गाजणारं गाणं हवं असतं. पण चार लेखकांचं गाजणारं गाणं डिस्कवर पडून राहण्यापेक्षा एका प्रकाशकाचं कमी गाजणारं परवडतं.

पट्टीची तालीम यादीच्या आधी व्हायला हवी होती. त्यांनी आधी गाणी निवडली, मग गळा तपासला. दोन गाणी आणि एका माणसाचं मन त्यात दुखावलं. उलट केलं असतं तर गायकाला पाच वेळा सगळ्यांसमोर फाटावं लागलं नसतं. एका संध्याकाळी पेटी किंवा पियानो घेऊन दोघांनीच बसायचं होतं.

आणि अल्बम आख्खा कव्हरचाच हवा होता का? मला अजूनही वाटतं की सहा कव्हर आणि बँडची पाच जुनी गाणी नव्याने, असा तोडगा लेबलने मान्य केला असता. तो कोणी मांडलाच नाही, कारण जुन्या गाण्यांचा विषय निघाला की गायक उठून कॉफी आणायला जायचा, आणि तो का जातो हे कळेपर्यंत करारावर सह्या झाल्या होत्या. बेसवाल्याला ते ठाऊक होतं. किंचाळी तोच मारत होता. तो बोलला नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

गेल्या वर्षी मी त्यांचा एक कार्यक्रम पाहिला. १९८८ चं ते गाणं त्यांनी शेवटी वाजवलं, अर्धा सूर खाली. किंचाळीच्या जागी गायक ती ओळ खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो. पुढच्या रांगेतल्या काहींना काहीतरी चुकलं असं वाटलं, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बेसवाला नुसता बेस वाजवत होता. गिटारवाल्याच्या मागे पूर्वी दोन गिटारी स्टँडवर असायच्या, एक काळी दोनची आणि एक पांढरी दोनची. आता एकच असते.